बिल्ला नंबर एक

सरकार पैसे घेत नाही म्हणून चिडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझ्याच घरात राहतो. माझे सासरे. नाव पुरुषोत्तम, पण घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सांगलीकडच्या एका लहानशा नगरपालिकेत त्यांनी एकतीस वर्षं करवसुली खात्यात काढली, त्यातली अठरा सायकल कराच्या टेबलावर.

हे टेबल काय होतं ते आता चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगून पटत नाही. सायकल बाळगायची तर वर्षाला दोन-चार रुपये नगरपालिकेत भरायचे, पावती घ्यायची आणि पत्र्याचा एक बिल्ला सायकलच्या दांड्याला तारेनं बांधायचा. बिल्ल्याचा आकार दरवर्षी वेगळा. एका वर्षी गोल, पुढच्या वर्षी त्रिकोणी, मग पानाच्या आकाराचा. म्हणजे नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला लांबूनच दिसावं की यंदाचा कर कुणी भरलाय आणि कोण गेल्या वर्षीच्या बिल्ल्यावर भागवतंय. नाक्यावर उभा असलेला तो माणूस म्हणजे आमचे अण्णा.

माझं या बिल्ल्याशी वैर जुनं आहे. माझे वडील सूतगिरणीत कामाला होते. एका वर्षी कर भरायचा राहिला आणि आमच्या गावच्या नाक्यावर अशाच कुणा कर्तव्यदक्ष माणसानं त्यांची सायकल जप्त केली. पगार होईपर्यंत नऊ दिवस वडील गिरणीत चालत गेले आणि चालत आले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पुढं नंदिनीशी लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील काय करतात ते ऐकून मी हातातला चहा तसाच खाली ठेवला होता.

तर असे हे अण्णा सासूबाई गेल्यावर आमच्याकडं आयर्लंडला आले. नंदिनी लिमरिकच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी रोज गाडीनं शॅननला जातो, तिथल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आमची रुचा अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते पक्क्या लिमरिकच्या इंग्रजीत. घर गावाच्या कडेला, नव्या वसाहतीत. दुकान दोन मैल, लायब्ररी अडीच मैल, बस पाटीवर दर अर्ध्या तासाला आणि प्रत्यक्षात तिला वाटेल तेव्हा. गाडी चालवता येत नसेल तर या गावात माणूस खिडकीत बसून राहतो. अण्णांना गाडी येत नव्हती, आणि एकाहत्तराव्या वर्षी शिकायचीही नव्हती.

त्यांना इथं कायम राहायची परवानगी मिळायलाच चौदा महिने लागले. ती मिळाल्यावर ते आले, आणि मग सहा महिने खिडकीत बसले. शेवटी एकदा नंदिनीला म्हणाले, "पार्सल झालोय बघ मी. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी नेऊन ठेवायचं."

ती रडली. मला राग आला. राग अण्णांचा आला, तिचा आला, बसचा आला, आणि थोडा माझाही, कारण सहा महिन्यांत मी त्यांना हॉस्पिटल आणि देऊळ सोडून कुठंही नेलं नव्हतं. त्याच रागात मी फोनवर जुन्या सायकलींच्या जाहिराती बघायला बसलो.

सायकल मिळाली ती हिरवी, पुढं बास्केट, सात गियर. किंमत नव्वद युरो. एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये विकणारा भेटला. अंगात टोपीचा स्वेटर, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. सायकल कधी घेतलीस विचारलं तर म्हणाला, "अ वाइल अगो." कुणाची विचारलं तर म्हणाला, बहिणीची. तो नोटा मोजेपर्यंतही थांबला नाही. बास्केटवर एक स्टिकर नखानं सोलून काढल्याची खूण होती, ती मला दिसली. दिसली आणि मी गाडीची डिकी उघडली.

घरी आणल्यावर अण्णांनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या. घंटी वाजवून पाहिली, सीटवर तळवा ठेवला, बास्केटवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पावती?"

"अण्णा, जुन्या सायकलीची कसली पावती? इथं असंच चालतं."

"असं?" ते एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी त्यांनी फर्मान काढलं की कर भरायला जायचंय. मी सांगितलं, इथं सायकलला कर नाही. त्यांना खरं वाटेना. नंदिनीनं सांगितलं. रुचानं सांगितलं, "आजोबा, दॅट्स नॉट अ थिंग हिअर." तरी ते हटून बसले. शेवटी अर्धा दिवस रजा टाकून मी त्यांना कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, काखेत फाइल. फाइलमध्ये एक कागद होता. सायकल उलटी करून, पायडलच्या बुडाशी फ्रेमवर जो नंबर खोदलेला असतो, त्यावर कागद धरून त्यांनी पेन्सिल घासली होती. नंबरचा ठसा स्वच्छ उमटला होता.

काउंटरवरच्या बाई हसऱ्या होत्या. अण्णा म्हणाले, "आय वाँट टू पे सायकल टॅक्स."

"त्याला काही चार्ज नाही, लव्ह," बाई म्हणाल्या. "यू आर ग्रँड." इथं ग्रँड म्हणजे सगळं ठीक, काही करायला नको.

"नो मनी? ओके. बट नंबर. प्लीज चेक नंबर."

"कशाशी चेक करू?" बाईंनी मला विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागं सहा माणसं उभी. अण्णा आपले काचेला कागद लावून उभे, नंबर बाईंकडं करून. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि गाडीत बसल्यावर बोललो, बरंच बोललो. ते आपलं हक्काचं टेबल नव्हे, इथले लोक आपल्याला हसतात, माझी अर्धी रजा गेली. अण्णा समोर बघत ऐकत होते. कागद त्यांनी घडी न घालता परत फाइलीत ठेवला.

मग त्यांनी स्वतःच खातं काढलं. रुचाच्या एका अर्धवट वहीत पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, मालकाचे नाव, सायकलीचे वर्णन, फ्रेम नंबर, कशी प्राप्त झाली, शेरा. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव. फ्रेम नंबरच्या रकान्यात तो पेन्सिलचा ठसा कापून चिकटवला. "कशी प्राप्त झाली" खाली लिहिलं, "जावयांकडून भेट." आणि ख्रिसमसच्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून अंड्याच्या आकाराचा बिल्ला केला, त्यावर खिळ्यानं टोचे मारून एकचा आकडा काढला, आणि पक्कड घेऊन तारेनं पुढच्या दांड्याला बांधला.

मला ते सगळं बघून चीड येत होती, पण एक मान्य करायला हवं. सायकल आल्यावर अण्णा सुटले. लायब्ररीत जायला लागले, पोलिश दुकानातून ताजी कोबी आणायला लागले, नदीकाठच्या वाटेवर कुत्रीवाल्या म्हाताऱ्यांना ओळखायला लागले. अडीचला रुचाची शाळा सुटते. ते सव्वादोनला निघायचे, तिचं दप्तर बास्केटमध्ये टाकायचे आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत यायचे. दोघं वाटेत काय बोलायची देव जाणे. ते मराठीत, ती इंग्रजीत, आणि दोघांचं बिनसलेलं मी कधी पाहिलं नाही.

एका शनिवारी आम्ही तिघं दुकानाकडं निघालो होतो. मी आणि रुचा फुटपाथवर, अण्णा शेजारी रस्त्यावर सायकलवर. राउंडअबाउटपाशी मागून एक जीप आली, तिला दोन सेकंद थांबावं लागलं, तेवढ्यात आतल्या माणसानं काच खाली करून ओरडून घेतलं आणि निघून गेला.

"काय म्हणाला गं तो?" अण्णांनी रुचाला विचारलं.

"युअर मॅन सेज यू डोंट पे रोड टॅक्स." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'.

"बरोबर बोलतोय की," अण्णा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी जेवताना मी ते सगळं बाहेर काढलं. म्हटलं, मी गाडीचा कर भरतो, विमा भरतो, दरवर्षी गाडी तपासायला नेतो, डिझेलवर भरतो. तो जीपवाला भरतो, कारण त्याच्या जीपनं रस्त्याला खड्डा पडतो. तुमच्या सायकलनं काय पडतं? ज्याला गाडी परवडत नाही किंवा येत नाही तो सायकल घेतो, त्याच्याही खिशात हात घालायचा? उद्या चपलांवर बिल्ला लावा. आणि दोन रुपयांच्या करापायी माझे वडील नऊ दिवस पायी गेले, ते कुणाच्या भल्यासाठी?

नंदिनी मला डोळ्यांनी दटावत होती. अण्णांनी घास संपवला.

"कर दोन रुपये, आणि तो गोळा करायला माझा पगार," ते म्हणाले. "खातं तोट्यातच होतं ओ, सतीशराव. मला माहिती नाही व्हय?"

"मग कशाला हवी नोंदणी नि फी?"

"पैसे रस्त्यासाठी नसतात. पैसे भरले की सरकारला लिहून घ्यावं लागतंय. ही सायकल ह्याची. एवढ्यासाठी असतंय ते. तुमच्या वडिलांना सायकल परत मिळाली का नाही?"

"मिळाली."

"कुणी दुसऱ्यानं माझी म्हणून नेली नाही ना? कारण वहीत त्यांचं नाव होतं."

मी जास्तच चिडलो. वडील असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं. नऊ दिवस चालण्याचं मोल वहीतल्या नावानं भरून येत नाही, हे मला आजही वाटतं.

गेल्या सप्टेंबरात लायब्ररीच्या दारातून सायकल चोरीला गेली. कुलूप कापून टाकलं होतं. अण्णा अडीच मैल चालत घरी आले आणि खिडकीतल्या खुर्चीत बसले. आठ दिवस उठले नाहीत म्हटलं तरी चालेल. रुचाला आणायला मी दुपारी शॅननहून धावत यायचो, नाहीतर नंदिनी कुणाच्या तरी पाया पडायची. मी म्हटलं, दुसरी घेऊ. ते म्हणाले, नको.

मग एका सकाळी शांतपणे म्हणाले, "सतीशराव, तिकीट काढा माझं. गावाकडं मला पायी फिरता येतंय. इथं सायकल होती तोवर ठीक होतं."

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी पैसे दिले असते. आता ते ऐकवेना. मी म्हटलं बघतो, आणि बघितलं नाही. ते रोज विचारायचे, मी रोज विसरल्याचं सांगायचो. शेवटी त्यांनी रुचाला फोनवर तिकिटांचे दर काढायला सांगितले. तिनं फोन उशीखाली लपवला आणि नेट बंद आहे म्हणाली. तेही मराठीत म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात गार्डांचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, फोन आला; हिरवी, बास्केटवाली एवढंच सांगून मी चोरी नोंदवून ठेवली होती. कुठल्याशा शेडमध्ये बऱ्याच सायकली सापडल्या होत्या, येऊन बघून जा. अण्णा पाच मिनिटांत तयार. इस्त्रीचा शर्ट, स्वेटर, काखेत वही.

एका मोठ्या खोलीत तीसेक सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. अण्णांना शोधावं लागलंच नाही. हिरव्या दांड्यावर बिस्किटाच्या डब्याचा बिल्ला तसाच होता. चोराला तो काय आहे हे कळलं नसावं.

ड्यूटीवरची गार्डा एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, तुमचीच कशावरून? पावती आहे? फोटो? तिथं आमच्या आधी आलेला एक माणूस याच प्रश्नावर अडून बसला होता, सायकल समोर दिसत असून त्याला ती मिळत नव्हती. अण्णांनी वही काउंटरवर उघडून ठेवली. मुलीनं बिल्ला बघितला, वहीतला एकचा आकडा बघितला, सायकल उलटी करून खालचा नंबर ठशाशी ताडून बघितला आणि मोठ्यानं हसली. दुसऱ्या गार्डाला हाक मारून तिनं वही दाखवली. असं कुणीच करत नाही, ती म्हणाली. सगळ्यांनी असं केलं तर आमचं अर्धं काम कमी होईल, म्हणाली. अण्णांचे कान लाल झाले. माझी तर छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, वाचलो, आता तिकीट नको.

"इथं मालक म्हणून सही करा आणि घेऊन जा," ती म्हणाली. "नंबर मी मागाहून सिस्टिमवर टाकते, आज ती फार हळू चालतेय."

मी सायकलच्या हँडलला हात घातला होता. अण्णांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि थांबले.

"नंबर फर्स्ट," ते म्हणाले. "प्लीज. चेक नंबर, देन साइन."

"अण्णा, चला," मी मराठीत म्हटलं. "ती देतेय ना? चला!"

"नंबर टाकू दे तिला."

मुलीनं खांदे उडवून नंबर टाकला. आम्ही उभे. स्क्रीनवर काहीतरी गोल गोल फिरत राहिलं. मग ती वाचायला लागली आणि तिचं हसू हळूहळू गेलं. त्या नंबरची सायकल तीन वर्षांपूर्वी, म्हणजे मी विकत घेण्याच्याही आधी, चोरीला गेल्याची तक्रार होती. कॉलेजातल्या एका मुलीची. तिनं दुकानाची पावती, फोटो, सगळं दिलेलं होतं. फोटोत बास्केटवर तिच्या नावाचा स्टिकर होता.

"तुम्हाला ही कुठून मिळाली?" गार्डानं विचारलं. आवाज सभ्यच होता, पण आता वेगळा.

अण्णांनी वहीतला रकाना बघितला. तिथं काय लिहिलंय ते मला पाठ होतं. त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि मिटलं. मीच म्हटलं, "मी आणली. मी त्यांना भेट दिली."

पुढचा पाऊण तास मी जबाब देत होतो. जाहिरात कुठली, माणूस कसा दिसायचा, किती पैसे दिले. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा दाखल झालेला होता, आणि त्यात चांगल्या वर्तणुकीचा एक मुद्दा असतो. ती म्हणाली काळजी करू नका, असे फसलेले तुम्ही पहिले नाही. तरी सायकल तिथंच राहिली. निघताना अण्णांनी बिल्ल्याची तार सोडवली आणि तो खिशात टाकला.

गाडीत बसल्याबरोबर मी फुटलो. "काय गरज होती? ती सही करून घेऊन जा म्हणत होती! सायकल हातात आली होती. तुमच्या त्या खात्यापायी गेली. झालं समाधान? आता नोंदणी पाहिजे म्हणा, फी पाहिजे म्हणा!"

काचेवर बारीक पाऊस होता. अण्णा मांडीवरची वही सरळ करत राहिले.

"सतीशराव, एक सांगू? रागावू नका. तुम्ही आणलीत त्याच दिवशी मला कळलं होतं."

मी गाडी चालू करायचा थांबलो.

"असली सायकल नव्वद युरोला. पावती नाही. स्टिकर सोललेला. सीट बाईमाणसाच्या उंचीला लावलेलं. अठरा वर्षं काढली ओ मी त्या टेबलावर. न कळायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही किती हौसेनं आणली होती," अण्णा म्हणाले. "सहा महिन्यांत माझ्यासाठी म्हणून तुम्ही आणलेली ती पहिली वस्तू. तोंडावर कसं म्हणायचं, चोरीची आहे म्हणून?"

मी किल्लीवरचा हात काढला.

"म्हणून तर कौन्सिलात गेलो होतो," ते म्हणाले. "वाटलं, कर भरायच्या निमित्तानं कुणीतरी नंबर ताडून बघंल. निघाली चोरीची तर ते सांगतील. माझ्या तोंडून जायला नको. पण इथं कुणी बघायलाच तयार नाही. मग काय करणार? स्वतःच्या वहीत लिहिली. आणि दोन वर्षं त्या पोरीच्या सायकलवरून नातीचं दप्तर वाहिलं."

"मग आजच कशाला अडलात?"

"आज मालक म्हणून सही मागितली. तेवढं नाही ओ जमत."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दोन वर्षांपूर्वी काचेला कागद लावून उभा असलेला तो माणूस आणि त्याला दंडाला धरून ओढणारा मी, दोघं मला स्वच्छ दिसले. मी म्हटलं, "अण्णा, स्टिकरची खूण मीपण बघितली होती. बघून डिकी उघडली." ते म्हणाले, "माहिती आहे." मग मी गाडी चालू केली.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानातून नवी सायकल आणली. निळी. छापील बिल, वॉरंटी कार्ड, सगळं. अण्णांनी बिल दोनदा वाचलं. वहीतल्या पहिल्या ओळीवर लाल रेघ मारून शेऱ्यात लिहिलं, "मूळ मालकास परत." खाली दुसरी ओळ घातली, नव्या नंबरचा ठसा चिकटवला. एवढं झाल्यावर सायकल हॉलच्या भिंतीला लावली आणि खुर्चीत जाऊन बसले.

"चालवून तर बघा," मी म्हटलं.

"ही वही माझी आहे. सरकारात कुठं लिहिलंय? एकदा डोळेझाक केली, पुन्हा नाही. तिकिटाचं काय झालं?"

असा संताप आला की सायकल उचलून बाहेर फेकावी. सांगून बघितलं, सायकल दुकानातली आहे, बिल आहे, आता कोण विचारणार आहे? सांगून बघितलं की या देशात कुणालाच तुमचा नंबर नकोय, तुमचे पैसे नकोत. ते ऐकून घ्यायचे आणि तिकिटाचं विचारायचे. आठवडा गेला. नंदिनी एका संध्याकाळी हॉस्पिटलातून आली, हॉलमध्ये उभी असलेली सायकल बघितली, खुर्चीतले वडील बघितले आणि मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "सतीश, काहीतरी कर ना. ते गेले तर पुन्हा यायचे नाहीत."

म्हणून बुधवारी मी रजा टाकली आणि सायकलवर कर नको म्हणून तावातावानं भांडलेला मी सायकलचा कर भरायला कौन्सिलच्या ऑफिसात रांगेत उभा राहिलो.

काउंटरवर त्याच बाई होत्या. मी इंग्रजीत एक अर्ज छापून नेला होता. माझे सासरे अमुक, त्यांची सायकल अमुक, फ्रेम नंबर अमुक, याची नोंद व्हावी आणि जी काही फी असेल ती घ्यावी. बाईंनी तो वाचला.

"पण अशी काही स्कीमच नाही," त्या म्हणाल्या. "फी नाही, फॉर्म नाही, काहीच नाही. तुम्ही ग्रँड आहात."

"नाही," मी म्हटलं. "मी ग्रँड नाही." आणि मग मागं आठ माणसं उभी असताना मी त्यांना सगळं सांगितलं. नव्वद युरो, स्टिकर, गार्डा मुलगी, तिकीट. कागद काचेला लावून मी उभा होतो, नंबर त्यांच्याकडं करून.

बाईंनी कागदावरचा नंबर बघितला. "ते स्वेटरवाले म्हातारे गृहस्थ?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी काचेखालून हात पुढं करून अर्ज घेतला, ड्रॉवर उघडला आणि तारखेचा शिक्का काढला. अर्जावर एक मारला, माझ्या प्रतीवर एक मारला. निळ्या शाईत तारीख आणि त्याखाली 'मिळाले' एवढाच शब्द, इंग्रजीत.

"याचा काही उपयोग नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत आहे.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. अण्णा खुर्चीत. मी ती प्रत त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडं धरला, मग जवळ आणला. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"ही पावती नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हा आवकचा शिक्का आहे. अर्ज आत आला, एवढंच."

"हो." माझा धीर सुटत चालला होता.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आवक झाली म्हणजे प्रकरण चालू झालं," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत अर्जदारानं गाव सोडायचं नसतंय. आमच्याकडं तरी तसंच होतं." मग माझ्याकडं बघून विचारलं, "इथं निकालाला किती दिवस लागतात ओ?"

मी म्हटलं, "काही सांगता येत नाही, अण्णा. वर्षं लागतात."

"मग थांबायला पाहिजे," ते म्हणाले. कागद वहीत ठेवला, उठले, पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि घड्याळ बघितलं. सव्वादोन. हॉलमधून त्यांची हाक आली.

"सतीशराव, पक्कड आणा बघू. बिल्ला बांधायचा राहिलाय."